काचेवरचा कागद

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी आयुष्यभर जरा जास्तच ऐकलं. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण फळ्यावरचा सुविचारही मुख्याध्यापक माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. मलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू? तांड्यावरच्या एका माणसाच्या घराचं जे काही झालं, त्यात या अक्षराचा हात आहे, म्हणून तेच आधी सांगून टाकते.

निवृत्त झाले आणि यवतमाळात घरी बसून करमेना. तेवढ्यात नागपूरच्या एका संस्थेनं विचारलं, आमच्यासाठी एक काम कराल का? जेलात दर गुरुवारी इथलीच काही माणसं जात. दारूपायी आत आलेल्यांसोबत तासभर बसत. त्यांच्या चहापाण्याचा आणि एसटीचा खर्च ही संस्था देई. आता संस्थेला कळायला हवं होतं की याचा काही उपयोग होतो की नुसतंच जाणं-येणं आहे. सुटून गेलेला माणूस पुन्हा पितो की नाही, हे बघून अहवाल लिहायचा. कोणीतरी पक्कं, तोंडदेखलं न बोलणारं माणूस हवं होतं त्यांना. तोंडदेखलं मी देवाशीही बोलत नाही. लगेच हो म्हटलं.

ती गुरुवारची मंडळी चार-पाच जणांची. त्यातले मुख्य एक सलूनवाले दादा. स्टँडाजवळ त्यांचं छोटं दुकान. स्वतः एकेकाळी पिऊन धिंगाणा घातला म्हणून आत जाऊन आलेले, पण आता किती वर्षं झाली, थेंबाला शिवले नाहीत. बाकीचे त्यांच्यामागून सुधारलेले. एकाचंही या विषयात शिक्षण नाही. कोणी व्यसनमुक्तीवर भाषण देत नव्हतं, पत्रकं वाटत नव्हतं. हे असं कसं चालणार, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं.

गेटवर मोबाइल, पर्स, पेन सगळं जमा करायचं आणि आत जायचं. अंगणातल्या लिंबाखाली सतरंजी अंथरलेली. सगळे गोल बसायचे. नियम एकच. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोणीच नाही बोललं तर तासभर तसंच बसायचं आणि शेवटी जेलचा चहा प्यायचा. मला हे फार जड गेलं. एकतीस वर्षं मी दुसरं केलंच काय होतं? प्रश्नच विचारत आले होते. दोनदा माझ्या तोंडून ‘का?’ निघालं. दोन्ही वेळा दादांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी गप्प झाले.

त्या गोलात तांड्यावरचा एक माणूस असायचा. चाळिशी ओलांडलेला, उंच, मान खाली घालून बसणारा. घर घाटंजीकडच्या एका तांड्यावर, पण ट्रकवर ड्रायव्हर म्हणून राजूरला कोळशाच्या कामावर गेला होता. तिथं पिऊन मारामारी केली, समोरच्याचं डोकं फुटलं आणि हा आत आला. कितीतरी गुरुवार तो काही बोलला नाही. मग एकदा अचानक बोलायला लागला.

‘पोरगी एकोणीसची झाली,’ तो म्हणाला. ‘बारावी पास हाय. तिचं जमून राह्यलं महागावकडच्या तांड्यावर. चांगले लोक हाय. तांड्यावर सांगतलं का मी साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवाले गेलो. इथलं कोणालेच माहीत नाई, बायकोले अन् साल्याले सोडून. मले काई नाई पायजे आता. तिच्या लग्नात दोन पायावर उभं राह्यचं हाय, बस. मोठ्या पोरीच्या लग्नात पेऊन पडलो होतो, मले उचलून नेलतं.’

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र हे नुसतं तोंडचं वाटलं.

त्याचं कारण माझा धाकटा भाऊ. तोही प्यायचा. ‘ताई, सोडली वं,’ असं तो मला सहा वर्षं सांगत होता आणि मी, एवढी हुशार, सहा वर्षं विश्वास ठेवत होते. एक दिवस त्याची गादी उन्हात टाकायला गेले तर उशाखालून चपटी निघाली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्याला दारात उभं करून श्वास सोडायला लावायचे आणि वास घ्यायचे. मग तो बडीशेप खाऊन यायला लागला. गेला तेव्हाही त्याच्या शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी होती. तेव्हा पिणारा माणूस तोंडानं काय सांगतो ते ऐकायचंच नाही, हे मी तिथंच ठरवून टाकलं होतं.

होळीच्या आधी त्या माणसाला जामीन मिळाला. कारखान्यांचा हंगामही तेव्हाच संपत होता, त्यामुळं घरी सांगितलेलं खोटं बरोबर जुळलं. बायकोनं घाटंजीच्या बाजारातून गुळाची ढेप घेतली आणि कारखान्याजवळच्या गुऱ्हाळातला गूळ म्हणून तांडाभर वाटला. हे सगळं दादांनीच मला सांगितलं, आणि हसून सांगितलं. मीही हसले.

आता सुटलेला माणूस पितो की नाही हे ही मंडळी कसं बघत होती? ऐकाल तर कपाळाला हात लावाल. घाटंजीच्या आठवडी बाजारात चपलावाल्याच्या शेजारी एक चहाची टपरी आहे. दर बाजाराला दादा सकाळीच तिथं जाऊन बसायचे. ज्याला वाटेल तो यायचा. आला की त्याच्यासाठी चहा मागवायचा आणि दादा स्वतः बशीत ओतून द्यायचे, अगदी काठोकाठ. मग गप्पा. पाऊसपाणी, तुरीचा भाव, कोणाचं लग्न. दारूचा एक शब्द नाही.

‘आणि कळतं कसं?’ मी विचारलं. बाजारात तरी विचारायला बंदी नव्हती.

‘हात दिसते ना, बाई,’ दादा म्हणाले. ‘पेणाऱ्याचे हात सकाळच्या पारी थरथरते. बशी सांडते. आमी काई म्हणत नाई. पुढच्या बाजाराले पुन्हा भरून देतो.’

‘आणि जो येतच नाही?’

‘त्याची वाट पाह्यची.’

‘घरी जाऊन बघायचं नाही?’

‘घरी नोका जाऊ, बाई. आमी कोणाच्याच घरी जात नाई. माणूस जेलातून गेला म्हणजे त्यानं घरी काय सांगतलं, काय झाकलं, आपल्याले काय मालूम?’

मी भडकले. बशीवर अहवाल लिहू म्हणता का, असं मी त्यांना भर बाजारात सुनावलं. तुमचे लोक परत पितात आणि तुम्हाला ते उघड होऊ द्यायचं नाही, असंही म्हटलं. ते वाक्य मला आजही झोंबतं. दादांनी बशीतला गार झालेला चहा पिऊन टाकला. जाताना एवढंच म्हणाले, ‘तो माणूस तांड्यावरच्या होळीले नाई पेला. सगळा तांडा नाचून राह्यला होता अन् हा तिथंच बसून होता. लय मोठी गोष्ट हाय ते.’

हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं मी विचारलं. त्यानंच, असं उत्तर आलं. झालं! म्हणजे पुन्हा तोंडचंच.

संस्थेच्या फॉर्मवर घरभेटीला संमती म्हणून त्याची सही होती. जेलात माणूस पुढं येईल त्या कागदावर सही करतो, हे मला कळायला हवं होतं. मे महिन्यात मी निघाले. संस्थेनं भाड्याची जीप दिली होती. तेव्हा पोलीस रस्त्यावर जागोजागी गाड्या अडवून तपासत होते, आणि ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, काचेवर एखादा कागद लावा, म्हणजे कटकट होत नाही. मी लगेच स्केचपेन घेतलं आणि मोठ्या, सुबक, वळणदार अक्षरात लिहिलं: कारागृह व्यसनमुक्ती कार्यक्रम – मूल्यमापन. खाली रेघही मारली. पट्टीनं.

मी बेफिकीर होते असं समजू नका. त्याचं कारखान्याचं खोटं मला ठाऊक होतं आणि ते सांभाळायचं असं मी पक्कं ठरवलं होतं. तांड्यावर तोंडातून जेलचा ज काढायचा नाही. मी एक शाळेतली बाई, मुलीच्या पुढच्या शिक्षणाची चौकशी करायला आले, एवढंच सांगायचं. वाटेत मी हे दोन-तीनदा मनात घोकलंही. काचेवरचा कागद माझ्या डोक्यातच नव्हता. तो पोलिसांसाठी होता ना!

घर साधंच, पुढं पऱ्हाटीच्या काड्यांचा मांडव. मला बाजेवर बसवलं. तो माणूस मला पाहून क्षणभर पांढरा पडला, पण मी ‘शाळेकडून आले’ म्हटल्यावर सावरला. मुलगी आतून डोकावली आणि आईला ‘याडी, पाणी देऊ का?’ म्हणाली. चुणचुणीत पोर होती. बायकोनं बशीत गुळाचे खडे आणून ठेवले. ‘घ्या बाई, कारखान्यावरचा हाय,’ ती जरा मोठ्यानंच म्हणाली, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. मी एक खडा तोंडात टाकला. सगळं कसं छान चाललं होतं.

जीप दहा पावलांवर उभी होती. सुट्टीतल्या शाळकरी पोरी तिच्याभोवती जमल्या होत्या. त्या वाचायला लागल्या, वर्गात वाचतात तशा, एका सुरात. ‘का-रा-गृ-ह.’ मग ‘व्य-स-न-मुक्ती.’ पुढच्या शब्दाला अडखळल्या. ‘मू... मूल...’

आणि मी बाजेवरून ओरडून सांगितलं, ‘मूल्यमापन! ल ला य जोडा!’

एकतीस वर्षांची सवय. पोरगी वाचताना अडली की माझ्या तोंडून शब्द निघतोच. ‘मूल्यमापन’ असं सगळ्या पोरी एकदम म्हणाल्या आणि मग मला कळलं मी काय केलं. त्या माणसानं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. समोरच्या ओट्यावर तांड्याचे प्रमुख, म्हातारे नाईक, बसले होते. ते उठले, खिशातून चष्मा काढला आणि जीपजवळ जाऊन सगळा कागद बोट फिरवत वाचून आले. एका तरण्यानं मोबाइल काढून फोटोही घेतला. बायको बशी हातात धरून उभी होती. ती मला पुन्हा म्हणाली, ‘गुळ घ्या ना बाई. कारखान्यावरचा हाय.’

मी जाऊन कागद फाडला. आता फाडून काय उपयोग?

पुढचं सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. एवढं झाल्यावरही मी फॉर्म भरला. आलेच आहे तर काम तरी पुरं करावं, असं वाटलं. त्याला घरात बोलावलं आणि विचारलं, सुटल्यापासून किती वेळा घेतली? ‘एकदाही नाई, बाई.’ मग मी त्याला म्हटलं, श्वास सोडा. मुलगी दाराशी उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि श्वास सोडला. गुळाचा वास आला. दुसरा कसलाच नाही. मी ‘नाही’च्या चौकटीत खूण केली.

आणि काय सांगू, परतताना मला आनंद झाला होता. माझा भाऊ खोटं बोलला, पण हा खरं बोलत होता. एक तरी माणूस खरं बोलत होता. कागदाचं काय, लोक चार दिवसांत विसरतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या बाजाराला मी तो फॉर्म दादांना दाखवायला गेले. तुमचंच खरं ठरलं, असं सांगायला. झाली हकीकतही सांगितली, कागदाची मात्र घाईघाईत. दादांनी फॉर्मकडं पाहिलंही नाही. ते कधी कोणाला प्रश्न विचारत नसत, पण त्या दिवशी त्यांनी मला एक विचारला.

‘जीप कुठं उभी केलती, बाई?’

मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशी तो माणूस आला नाही. पुढच्या बाजारालाही नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. दादा दर वेळी एक चहा जास्तीचा मागवत आणि तो गार होऊन जाई.

चौथ्या बाजाराला त्याची बायको आली. ती त्याच्याच जागेवर येऊन बसली. दादांनी बशी भरून तिच्यापुढं सरकवली. तिनं हात लावला नाही. माझ्या सुंदर अक्षराचा फोटो त्याच संध्याकाळी मोबाइलवरून महागावकडं पोचला होता. मुलाकडचे दोघं येऊन गेले. जेल झाली ते एक वेळ चाललं असतं, पण खोटं काहून सांगतलं, असं म्हणाले. सोयरीक मोडली. मुलीनं दोन दिवस बापाशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी तो राजूरला निघून गेला. तिथून कोणीतरी फोन करून सांगितलं, तो पिऊन पडलेला असतो.

हे सगळं तिनं दादांकडं बघून सांगितलं. मग माझ्याकडं वळली. ती रडत नव्हती.

‘तुमी इचारलं तवा तो पेत नव्हता, बाई,’ ती म्हणाली. ‘आता या ना. आता इचारा.’

मला रडू फुटलं. तिथंच, चपलावाल्याशेजारी, भर बाजारात. ती उठून गेली. मी तिला थांब म्हणायचं कोणत्या तोंडानं?

अहवाल पाठवायची वेळ आली. त्यात त्या माणसाच्या दोन भेटी मांडायच्या होत्या, दोन महिन्यांची आणि चार महिन्यांची. पहिल्या रकान्यात ‘नाही’ होतंच. दुसऱ्यात ‘होय’ लिहिलं की कागदावर एकच दिसणार होतं. गुरुवारच्या मंडळींचं काम दोन महिने टिकलं आणि मग वाया गेलं. नागपूरला मसुदा पाठवताना मी दुसरा रकाना कोरा ठेवला आणि खाली एक ओळ जोडली. हा माणूस माझ्या घरभेटीपर्यंत प्यायला नव्हता, भेटीमुळं त्याच्या मुलीची सोयरीक मोडली, त्यानंतर प्यायला. नागपूरहून फोन आला. मॅडम, ती ओळ वैयक्तिक मत वाटते, काढाल का? मी म्हटलं, ते मत नाही, ती माझी चूक आहे, आणि ओळ निघणार नाही. ते म्हणाले, निदान दुसरा रकाना तरी भरून पाठवा. मी पाठवते म्हटलं आणि अहवाल तसाच टेबलावर राहिला.

श्रावणात एका गुरुवारी आम्ही आत गेलो. पाऊस होता, म्हणून सतरंजी व्हरांड्यात अंथरली होती. गोलात माझ्या बरोबर समोर तो बसला होता. राजूरला पुन्हा पिऊन मारामारी, त्यात जामीनही गेला. आत येऊन चार दिवस झाले होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले. मला ओळखायला एक क्षण लागला, आणि तो एक क्षण त्याला कळला असावा.

माफी मागायची असं मी कितीदा ठरवलं होतं. पण त्या सतरंजीवर विचारायला बंदी. ‘मला माफ कराल का’ हाही प्रश्नच. मग जे बाकी सगळे करत आले होते तेच मी केलं. सांगितलं. इतक्या महिन्यांत त्या गोलात मी पहिल्यांदा स्वतःचं काही बोलले. भावाचं सांगितलं, बडीशेपेचं सांगितलं. कागद मी लिहिला, पट्टीनं रेघ मारली, आणि पोरींना शब्दही मीच सांगितला, हे सांगितलं. दादा जमिनीकडं बघत होते.

मग तो माणूस म्हणाला, ‘त्या दिवशी मी खरंच नव्हतो पेलो, बाई.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हटलं.

चहा आला, स्टीलच्या पेल्यांत. त्यानं आपला पेला दोन्ही हातांनी उचलला. तरी तो हलत होता. चहा त्याच्या बोटांवरून मनगटाकडं आला, तिथून पायजम्यावर ठिबकला. मला नजर वळवायची होती आणि वळवता आली नाही. त्यानं मला त्याच्या हातांकडं बघताना पाहिलं. पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढं केले, मला नीट दिसतील असे.

‘लिहून घ्या, बाई,’ तो म्हणाला.

माझं पेन गेटवर जमा होतं.